औषध मारलं, घेतलं नाही

माझा लाकडी पॅलेटचा धंदा आहे. चाकणच्या कारखान्यांत माल ज्या लाकडी पाटांवर चढवून येतो, ते जुने पाट मी विकत घेतो, मोडक्या फळ्या बदलतो आणि पुन्हा त्याच कारखान्यांना विकतो. घेताना ते भंगार असतं, विकताना माल असतो. मधला फरक म्हणजे माझं तोंड. धाराशिवकडून आलो तेव्हा दुसऱ्याच्या शेडमध्ये खोकी ठोकायला होतो. आता तळवड्यात भाड्याची का होईना, माझी शेड आहे. हे सगळं तोंडाच्या जोरावर झालं, आणि गेल्या उन्हाळ्यात नेमकं तेच तोंड काही कामाचं राहिलं नाही. ती हकीगत मी लिहून ठेवतोय, कारण सांगायला गेलो की अजूनही काही लोक माझ्या खांद्यावर हात ठेवतात.

शेडमध्ये वाळवी लागली. एका कंपनीनं माल परत पाठवला. म्हणाले, फळीतून भुसा गळतोय. मी वाळवी मारणारी माणसं बोलावली. त्यांनी दोन माणसं, मास्क, हातमोजे, अंगभर कपडे असं सगळं धरून दर सांगितला. मी म्हटलं, मास्क काढून दर सांगा. त्यांना राग आला आणि ते गेले. अशा माणसांनी धंद्यात पडू नये.

मग मी कृषी सेवा केंद्रातून वाळवीचं औषध आणलं. दुकानदार म्हणाला, यावर हातमोजे फुकट आहेत. मी म्हटलं, हातमोजे ठेव, तेवढं औषधात कमी कर. त्यानं केलं. फवारायचा पंप साडूनं दिला. साडू थेरगावला राहतो आणि गावाकडच्या तुकड्यावर टोमॅटो करतो. पंप देताना म्हणाला, "भाऊ, वायसर जरा गेलाय, थेंब थेंब गळतं. पण चालतंय." ज्या माणसाला वायसर बदलायला होत नाही, त्याच्या पंपावर विश्वास ठेवायला नको होता. पण साडू आहे.

सुट्टीचा दिवस होता, कामगार नव्हते. मी एकटाच सकाळपासून पाठीवर पंप घेऊन फवारत होतो. पंप गळत होता. शर्ट पाठीला चिकटला, पँट कमरेपर्यंत भिजली. उन्हाळा होता. गार वाटलं.

दुपारी तसाच घरी गेलो. घर शेडपासून दोन गल्ल्यांवर आहे. बायको म्हणाली, "अहो, आधी आंघोळ करा, कसला घाण वास येतोय." मी म्हटलं, गाडी यायचीय, जेवायला वाढ. भात आणि आमटी जेवलो. हात धुताना घाम सुटला. मग तोंडाला पाणी सुटलं आणि सुटतच राहिलं. गिळलं की पुन्हा भरायचं. मला ट्यूबलाइट मंद दिसायला लागली, तेव्हा मी वीज कंपनीला शिव्या दिल्या. बायको म्हणाली, लाइट चांगली आहे. मग पोटात पीळ पडला, आणि त्यानंतरचं पुस्तकात लिहिण्यासारखं नाही. दंडाचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं, जसं बैलाचं माशी बसल्यावर उडतं. श्वास घेताना छातीत घरघर येत होती.

साडू तेवढ्यात पंप परत न्यायला आला होता. त्यानं मला गाडीत घातलं आणि दवाखान्यात आणलं. इथवर त्याचं काही चुकलं नाही.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली, मग वाकून वास घेतला आणि बायकोला विचारलं, "औषध घेतलंय का यांनी?"

इथे थांबून सांगायला हवं. आपल्याकडे ताप आला की घेतात ते औषध. पिकावर मारतात तेही औषध. आणि आमच्या भागात एखाद्यानं 'औषध घेतलं' असं हळू आवाजात म्हटलं, की लोक चपला घालून त्याच्या घराकडे निघतात. तीन गोष्टींना एकच शब्द आहे. डॉक्टरणीनं तिसऱ्या अर्थानं विचारलं. माझ्या बायकोला वाटलं, रोजच्या गोळीचं विचारताहेत. मला रक्तदाबाची गोळी आहे.

"हो," बायको म्हणाली. "सकाळीच घेतलं."

"किती वाजता? कशातून?"

"पाण्याबरोबर. मीच दिलं."

"तुम्ही दिलं?"

"घेत नव्हते. बळंच दिलं."

डॉक्टरणीनं ते कागदावर लिहून घेतलं. मी शुद्धीवर होतो. सगळं ऐकू येत होतं. पण तोंड लाळेनं इतकं भरलं होतं की बोलायला गेलो तर फक्त बुडबुडे आले. आयुष्यभर या तोंडानं कमावलं, आणि ज्या एका वाक्याची गरज होती ते वाक्य त्यातून निघालं नाही.

साडू मदतीला आला. "मॅडम, औषध तसं जहालच आहे," तो म्हणाला. "मी स्वतः वापरतो."

"सिस्टर," डॉक्टरीण म्हणाली, "चौकीला कळवा."

माझ्या नाकातून पोटात नळी घातली. पाणी आत, पाणी बाहेर. हातात सुई टोचली आणि घाम, लाळ सुकवणारं इंजेक्शन सुरू केलं. ऑक्सिजन लावला. घशातला फेस नळीनं ओढून काढला. थोडं बरं वाटलं. छाती मोकळी झाली. मग पुन्हा भरली. पुन्हा इंजेक्शन, दुप्पट. पुन्हा मोकळी, पुन्हा भरली. डॉक्टर विषापुढे हरत होते, आणि का ते कुणाला कळत नव्हतं. मला माहीत होतं, पण मी बुडबुडे काढत होतो. माझा शर्ट अजून माझ्या अंगात होता.

डॉक्टरणीची हुशारी मी नाकारत नाही. तिनं पोटातून निघालेलं बघितलं. भात होता, आमटी होती. तिनं वास घेतला. आमटीचाच होता. मग ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "मग खोलीत वास कसला येतोय?" ती बायकोकडे वळली. "ताई, तुम्ही कुठलं औषध दिलं?"

बायकोनं पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. "हे. बीपीचं."

"आणि हा वास?"

"हां, ते होय," बायको म्हणाली. "शेडमध्ये वाळवीचं औषध मारत होते सकाळपासून. अंगावर सांडलंय सगळं. मी म्हटलं होतं आंघोळ करा."

"मारत होते!" डॉक्टरीण एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या कॉटवरचा पेशंट उठून बसला. "हातमोजे घाला सगळे. कपडे कापा."

शर्टाला बटणं असतात, ती उघडता येतात, असं मला म्हणायचं होतं. कात्रीनं शर्ट कापला, बनियन कापलं, पँट कापली. कातडी पट्टा आणि चपला प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या. मग दोघांनी मला साबण लावून धुतलं. पाठ, काखा, केस, कानामागं, नखांत. माझ्या लहानपणीही मला कुणी इतकं धुतलं नव्हतं. त्यानंतर इंजेक्शन लागू पडायला लागलं. तोवर ते एका बाजूनं विष उतरवत होते आणि पाठीकडून चढत होतं.

पुढे आयसीयूत डॉक्टरणीनं मला समजावून सांगितलं. शरीरात स्नायूंना हुकूम पोचवणारा एक रस असतो, आणि हुकूम पोचला की तो पुसणारा दुसरा असतो. हे औषध त्या पुसणाऱ्याला बांधून टाकतं. मग हुकूम बंदच होत नाही. घाम गाळ, लाळ गाळ, पोट हलव, चालूच. मी म्हटलं, म्हणजे कंपनीचा भोंगा वाजवणारा माणूस बटणावर हात ठेवून झोपला. ती म्हणाली, साधारण तसंच. एक इंजेक्शन भोंगा ऐकू येऊ नये म्हणून कानांत बोळे घालतं, दुसरं त्या माणसाचा हात बटणावरून काढतं. रक्त तपासून तो हात किती सुटला ते बघतात.

सुकवणारं इंजेक्शन भरपूर झालं की माणसाला भास होतात. तोंड कोरडं, अंग तापलेलं, आणि मी म्हणे छताच्या पंख्याशी भाव करत होतो. बायको सांगते, मी बराच वेळ खाली ये, खाली ये म्हणत होतो. पंखा तयार नव्हता. शेवटी मी म्हटलं, राहू दे, दुसरीकडे बघतो. ही पद्धत बरोबर आहे. निघून जायला लागलं की समोरचा येतो. पंख्याला ती माहीत नसावी.

शुद्ध आल्यावर मी घरी सोडा म्हणून मागं लागलो. डॉक्टरीण म्हणाली, "मान उचला."

"काय?"

"उशीवरून मान उचला आणि धरून ठेवा. मग बोलू."

उचलेना. लाळ थांबली होती, डोळे ठीक होते, पण मान म्हणजे पाण्यात भिजलेला ओंडका. डॉक्टरीण म्हणाली, या विषात बरं वाटायला लागल्यावर दोन-चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, आणि घरी असाल तर कळायच्या आत श्वास थांबतो. मी म्हटलं, अर्धी उचलली तर सोडाल का? ती म्हणाली, अर्धी नाही. बोटभर? नाही. मी इतकी वर्षं भल्याभल्यांशी घासाघीस केली, पण ही बाई एका जागेवरून हलली नाही. दर काही तासांनी यायची, मान उचला म्हणायची, बघायची आणि जायची. ज्या दिवशी मान उचलून धरली, त्या दिवशी तिनं मला वॉर्डात हलवलं. ती धंद्यात नाही हे माझं नशीब.

चौकीतून हवालदार आला. त्यानं बायकोला बाहेर वेगळं बसवून विचारलं, मग मला.

"घरात काही वाद?"

"रोज."

"कशावरून?"

"माझा सगळ्यांशीच असतो, साहेब. धंदा आहे."

"औषध दिलं कुणी?"

"औषध दुकानदारानं दिलं. पंप साडूनं दिला. गोळी बायकोनं दिली."

हवालदारानं लिहिणं थांबवलं आणि पहिल्यापासून सांगा म्हणाला. शेवटी त्यानं अपघात असं लिहिलं आणि विषय मिटला. सरकारपुरता.

कारण पहिल्याच दिवशी, माझ्या नाकात नळी जात असताना, साडू बाहेर पार्किंगमध्ये उभा राहून सगळ्या नातेवाइकांना फोन करत होता. मी नंतर त्याला विचारलं, तू नेमकं काय बोललास? तो म्हणाला, "खोटं काहीच नाही बोललो, भाऊ. म्हटलं, भाऊंचं औषधाचं झालंय, वहिनी म्हणतात त्यांनीच दिलं, आणि पोलीस येताहेत." यातलं एकही वाक्य खोटं नाही. त्यामुळे मला त्याला मारताही येत नाही.

घरी आलो तर सगळे माझ्याशी हळू बोलायला लागले होते.

चाकणला एका कंपनीत खरेदीचा साहेब आहे. वर्षानुवर्षं माझ्याशी भांडतोय. एकदा फोन आपटला होता, एकदा मला गेटवरून परत पाठवलं होतं. चांगला माणूस. मी त्याच्याकडे गेलो, दर सांगितला. मुद्दाम वाट्टेल तो सांगितला. तो म्हणाला, "चालेल."

"चालेल म्हणजे?"

"तुम्ही म्हणाल तो, राव. तब्येत जपा. आणि काही अडचण वाटली तर मनात ठेवायचं नाही. बोलायचं. कधीही फोन करा."

"साहेब, मी औषध मारत होतो. घेतलं नाही."

"हो, हो. बरोबर आहे."

"पाठीवरचा पंप गळला."

"तो विषय आता काढायचाच नाही," तो म्हणाला आणि स्वतः मला गेटपर्यंत सोडायला आला.

मी जितका ओरडून सांगायचो तितका लोकांचा आवाज मऊ व्हायचा. साडू भेटायला आला आणि जाताना आमच्या मोरीतली फिनेलची बाटली पिशवीत घालून घेऊन गेला. भांडण करायला माणूस मिळेना. माझ्यासारख्याला हे किती जड जातं ते सांगून कळणार नाही.

पण माझं सोडा. मला लोक दुबळा समजत होते. बायकोला काय समजत होते ते मला उशिरा कळलं. आमच्या बिल्डिंगखाली रोज सकाळी भाजीची हातगाडी लागते. साऱ्या बायका तिथेच जमतात. बायकोनं खाली जाणं बंद केलं. चार दिवस कांदा-बटाटा खाल्ल्यावर मी विचारलं. तेव्हा म्हणाली, "मी गेले की गप्प होतात. एकीनं विचारलं, काय कमी पडलं हो त्यांना घरात? आणि भाजीवाली म्हणाली, बाई, पोलिसांनी सोडलं ते बरं झालं." मग भांडी जोरात आपटली. "गोळी दिली मी. बीपीची. ती पण देऊ नको आता?"

ती त्या दिवसापासून मला गोळी द्यायची नाही. पाकीट टेबलावर ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जायची.

मला फक्त एक माणूस पाहिजे होता, ज्यानं मला पाठीवर पंप घेऊन फवारताना डोळ्यांनी बघितलंय आणि जो चारचौघांत सांगेल. कामगारांना सुट्टी होती. साडूनं पंप दिला होता, बघितलं नव्हतं. डॉक्टरीण काही आमच्या भाजीच्या गाडीवर येणार नव्हती. बायकोचं आणि माझं तर कुणी खरं धरणारच नव्हतं.

मग एका सकाळी खालून हाक आली. "शेठ! ए शेठ! खाली या!"

गॅलरीतून बघितलं. शेडच्या जागेचे मालक, गावातले जुने, सगळे त्यांना तात्या म्हणतात. शेडच्या मागच्या घरात राहतात. पण मधले काही आठवडे ते आणि त्यांची म्हातारी लेकीकडे मावळात होते, आदल्या दिवशी परत आले होते. गाडीपाशी सहा-सात बायका होत्या. तात्यांनी त्यांच्यात उभं राहून काठी आपटली.

मी खाली गेलो.

"आमच्या कोंबड्यांचं काय?" तात्या म्हणाले.

"कुठल्या कोंबड्या?"

"शेडामागच्या. खुराडं मोकळं पडलंय. म्हातारी रडती हाय."

"माझा काय संबंध?" मी म्हणालो. हे मी विचार करून म्हटलं नाही. कुणी काही मागितलं की माझं तोंड हेच म्हणतं.

"संबंध न्हाई?" तात्यांचा आवाज चढला. "सकाळपास्नं पाठीवर पंप घिऊन औषध मारत व्हतास, म्या बघितलं न्हाई व्हय? औषधाच्या पाण्याचा वगळ सगळा मागच्या दारानं आमच्या अंगणात आला. कोंबड्यांनी तडफडलेले किडे टिपले आन् आडव्या झाल्या, दाणं टाकणारं पोरगं सांगतंय. लेकीकडं निघालो तवा म्या हाक मारली तर मला म्हनतो, तात्या, आता नका बोलू, पंप गळतोय!"

ती हाक मी पार विसरलो होतो. गाडीवरच्या बायकांचे हात मेथीच्या जुड्यांवर थांबले.

माझ्या डोक्यात दोन वाटा उघडल्या. नाही म्हटलं तर कोंबड्यांचे पैसे वाचतात आणि मी औषध घेतलेला राहतो. हो म्हटलं तर औषध मारलेला होतो आणि कोंबड्या अंगावर येतात. असा सौदा मी कधी केला नव्हता. वर बघितलं. बायको गॅलरीत आली होती.

"तात्या," मी म्हटलं, "जरा मोठ्यानं बोला. कुठे होता म्हणालात पंप?"

"तुझ्या पाठीवर!"

"गळत होता?"

"ढुंगणापतुर भिजला व्हतास!"

"म्हणजे मी प्यायलो नाही."

तात्यांना हे कळेना. मधे काय काय झालं ते त्यांच्या कानावर आलंच नव्हतं. "तू कशाला पितोस?" ते म्हणाले. "तू च्या बी दुसऱ्याच्या पैशानं पितोस!"

बायका हसल्या. भाजीवाली तर गाडीला धरून हसली. मला दवाखान्यातून आल्यापासून कुणी असं बोललं नव्हतं.

आता लगेच कबूल करून मोकळं व्हावं असं वाटलं. पण मी न भांडता कबूल केलं असतं तर लोकांनी नक्कीच म्हटलं असतं, अजून डोकं ठिकाणावर नाही. म्हणून मी म्हटलं, "मारलं औषध. शंभर वेळा मारलं. पण कोंबड्या म्हाताऱ्या होत्या."

"म्हाताऱ्या? अंडी देत व्हत्या!"

"एक तर लंगडी होती."

"अंडं पायातनं देत न्हाई कोंबडी!"

हे चांगलं बोलले तात्या. मी जागा बदलली. म्हटलं, पिल्लं आणून देतो. ते म्हणाले, पिल्लं नकोत, तयार कोंबड्या, आणि नवं खुराडं. मी म्हटलं, खुराडं कशाला, ते काही मेलं नाही. ते म्हणाले, त्याला औषधाचा वास लागलाय. मी म्हटलं, धुऊन घ्या, मलाही धुतलं, मी चालू आहे ना. एव्हाना समोरच्या टपरीवरची माणसं रस्ता ओलांडून आली होती.

बायको कधी खाली आली मला कळलं नाही. ती तात्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "तात्या," ती म्हणाली, "साधं कशाला घेता? दुमजली मागा. ह्यांच्याकडे पाइनच्या फळ्या ढिगानं पडल्यात."

"तू कुणाच्या बाजूची?" मी म्हटलं.

"कोंबड्यांच्या," ती म्हणाली. मग शेजारणीकडे वळून नेहमीच्या आवाजात सांगायला लागली, "डॉक्टरनं विचारलं औषध घेतलं का, मी म्हटलं हो, मीच दिलं. अहो, मला काय माहीत! मी बीपीचं सांगतेय..." शेजारणीनं कपाळाला हात लावला. भाजीवाली म्हणाली, अगं बाई, आणि मेथीची एक जुडी तिच्या पिशवीत टाकली. बायकोनं ती बाहेर काढून बघितली, पिवळी आहे म्हणाली आणि दुसरी मागितली.

तयार कोंबड्या आणि दुमजली खुराडं यावर सौदा ठरला. औषध न लागलेल्या नव्या फळ्या, हे तात्यांनी तीनदा वदवून घेतलं आणि प्रत्येक फळी स्वतः हुंगून घेणार म्हणाले. जाताना काठी फिरवून म्हणाले की शेडचं भाडं पण आता वाढवायला लागेल. मी त्यांना रस्त्यात उभं राहून, सगळ्यांसमोर, माझ्या गावाकडच्या भाषेत ऐकवलं. बराच वेळ ऐकवलं. कुणीही मला शांत व्हा म्हणालं नाही.